परत जाणाऱ्याला कर माफ

नर्सच्या छातीवरचं घड्याळ उलटं का लावतात, हे मी मायला कितीदा तरी समजावून सांगितलं. ते लोकांना दाखवायला नसतं, आपल्याला बघायला असतं. मान जरा खाली घातली की आकडे सरळ दिसतात आणि दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. माय सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "इंग्रजाचं सारं उलटंच." तिचा राग इंग्रजांवर नव्हता, घड्याळावर होता. घड्याळ आलं आणि ज्यानं ते घेऊन यायचं तो आला नाही, म्हणून.

तो म्हणजे माझा मोठा भाऊ. आमचं घर अकोल्याला, रेल्वेच्या रुळांपलीकडच्या वस्तीत. बाप आम्ही लहान असतानाच गेला. माय जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जायची. केसात, भुवयांत कापसाचे तंतू घेऊन ती संध्याकाळी परतायची आणि आम्हा दोघांची पुस्तकं उघडी आहेत की नाहीत ते आधी बघायची. अक्षर एक ओळखीचं नव्हतं, पण पुस्तक उलटं धरलं तर तिला कळायचं. भाऊ हुशार होता. मीही काही ढ नव्हते, पण घरात एकच कंदील होता आणि तो त्याच्या बाजूला सरकलेला असायचा. तेव्हा त्याचं मला काही वाटलं नाही. नंतर वाटलं, पण तोवर तो इतका लांब गेला होता की भांडायचं कोणाशी?

आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्या वर्षी त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो इंग्लंडला इंजिनिअरिंगचं पुढचं शिकायला गेला. परतीचं तिकीटसुद्धा सरकारच देणार होतं. सबंध वस्ती त्याला स्टेशनवर पोचवायला आली होती. कोणी नारळ दिला, कोणी ओव्याची पुडी. मी त्याच सुमाराला अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात नर्सिंग शिकायला लागले. माय अकोल्यात एकटी राहिली. एकटी म्हणजे वस्तीत कोणी एकटं असतं तशी एकटी. तिच्या चुलीजवळ बसून चार जणी चहा प्यायच्याच.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे गावाहून परत येणारा माणूस रिकाम्या हातानं उंबरा ओलांडत नाही. चांदूर बाजारला मावशीकडे दोन दिवस राहून आलात तरी पिशवीत संत्री पाहिजेत, आणि ती घरात बसून खायची नाहीत, आधी शेजारी वाटायची. याला आम्ही वानोळा म्हणतो. वानोळा दिला नाही तर कोणी भांडायला येत नाही. पण चार दिवस तुमच्याकडे विरजण मागायला कोणी येत नाही, आणि ते भांडणापेक्षा वाईट. मग जो माणूस सात समुद्र ओलांडून येणार, त्याच्याकडून वस्तीची किती अपेक्षा असेल?

मायची पत्रं मीच लिहायचे. महिन्यातून एकदा मी अकोल्याला जायचे, माय सांगायची, मी लिहायचे, आणि दर पत्राच्या शेवटी मागण्या असायच्या. शाळेतल्या म्हाताऱ्या गुरुजींना सोनेरी निबाचं पेन. समोरच्या काकांना दाढीची पाती. कोपऱ्यावरच्या काकूला लोकर, लाल. एकाला थर्मास, एकाला फुटबॉलचा ब्लॅडर. मायनं कधी कोणाला नाही म्हटलं नाही. "सांगते, सांगते. माया बाबू आनते," असं ती म्हणायची आणि तिचा चेहरा असा फुलायचा की मलाही थांबवावंसं वाटायचं नाही. मीही त्या यादीत बसले होतेच. छातीला लावायचं घड्याळ, सेकंदकाट्याचं, असं मी लिहिलं आणि खाली रेघ मारली.

माझी गरज खरी होती. वॉर्डात एकच भिंतीवरचं घड्याळ होतं, तेही लांबच्या टोकाला, आणि उन्हाळ्यात ते मागं पडायचं. नाडी मोजायला मला दुसरीचं मनगट उसनं घ्यावं लागायचं. एकीच्या मनगटावर डोळे, दुसऱ्याच्या मनगटावर बोटं. मेट्रन येऊन म्हणायची, "तुम्ही दोघी मिळून एक नर्स आहात का?" मी संतापी माणूस, असलं बोलणं मला दोन-दोन दिवस टोचायचं. भावाचं शिक्षण संपत आलं होतं. मी दिवस मोजत होते, आणि खरं सांगायचं तर तो येणार आणि घड्याळ येणार, या दोन गोष्टी माझ्या मनात वेगळ्या राहिलेल्या नव्हत्या.

शेवटी त्याचं पत्र आलं. अमुक जहाजानं निघतो, तिकीट पक्कं झालं, तुझं घड्याळ घेतलं, मुंबईहून थेट अकोल्याला येतो. मायनं भिंती शेणानं सारवल्या, वर चुना दिला. उन्हाळ्याचे दिवस होते. भावाला आमरसात बुडवलेले सरगुंडे आवडायचे, म्हणून तिनं कणकेचे सरगुंडे वळून पाटीभर वाळवले. जिनात सांगून आली, की आता काही दिवस येणार नाही. मी रजा काढून अमरावतीहून आले.

मुंबईची गाडी सकाळी यायची. फलाटावर आमच्याशिवाय आणखी एक मोठा घोळका होता. हार, गुलाबपाणी, इस्त्रीचे कपडे. शहरातल्या एका अत्तरवाल्याचा मुलगा त्याच जहाजानं दातांचा डॉक्टर होऊन येत होता. तो आणि माझा भाऊ तिकडे एकाच घरात भाड्यानं राहायचे, हे आम्हाला पत्रांवरून माहीत होतं. गाडी लागली. तो उतरला, त्याच्या गळ्यात हार पडले, आणि मग ते हार तसेच गळ्यात घेऊन, आपल्या आईला बाजूला करून, तो आमच्याकडे चालत आला.

"मौसी," तो म्हणाला, "तुमचा लेक एकदम खैरियतनं हाये. पन तो नाई आला."

माय त्याच्या खांद्यावरून मागं बघत होती, डब्याच्या दाराकडे. तिथून अजून माणसं उतरत होती. आणि मी कुठं बघत होते? त्याच्या हातात खाकी कागदाची एक पुडी होती, लाखेचं सील लावलेली. मी तिच्याकडे बघत होते. ती काय आहे हे मला कळलं होतं, आणि मायचं तोंड उघडायच्या आत माझा हात पुढं झाला होता. त्यानं पुडी माझ्या हातात दिली. एवढंच घडलं, कोणी पाहिलंही नसेल. पण मला माझी शरम वाटली ती तिथल्या तिथे, आणि अजूनही अकोल्याच्या स्टेशनवर उतरलं की वाटते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो डॉक्टर आमच्या घरी आला. मायनं त्याच्यापुढे सरगुंडे ठेवले. त्याला ते खाववत नव्हते, पण नको म्हणायची हिंमत नव्हती. तो सांगत गेला. भावाला शेवटच्या पंधरवड्यात तिकडे नोकरी मिळाली होती. चांगली होती. काही दिवस करून बघतो, मग येतो, असं त्यानं सांगितलं होतं.

"मंग हे घड्याळ?" मायनं विचारलं. "हे तुह्यापाशी कसं आलं?"

"मौसी, तिकडं घडीवर, कॅमेऱ्यावर भारी टॅक्स असते. पन जो परदेशी मानूस देश सोडून घरी चालला, त्याले तो माफ. अट येवढीच का माल त्याच्या हातात देत नाई. दुकानदार पुडीले सील लावते अन् सिधी जहाजावर धाडते. तिथं सही करून घ्या लागते."

"असं काहून?"

"हातात देल्ली अन् त्यानं तिथंच वापरली तं? टॅक्स बुडते ना सरकारचा. माल देशाबाहेर गेला पायजे."

माय विचार करत होती. कापूस निवडताना तिची बोटं चालायची तशी ती मांडीवर चालत होती. "माल गेला पायजे," ती म्हणाली. "अन् मानूस?"

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. "मानूस बी चालला, असं लिहून द्या लागते. तिकीट दाखवा लागते."

"बाबूनं लिहून देल्लं?"

"देल्लं."

"मी घरी चाललो म्हनून?"

"हो, मौसी."

"मंग येईन तो," माय म्हणाली. "लिहून देल्लं त्यानं." आणि ती उठून त्याच्यासाठी आणखी रस आणायला गेली.

ती आत गेल्यावर डॉक्टरनं मला हळू आवाजात उरलेलं सांगितलं. भाऊ जहाजावर आला होता. त्याच्यासोबत ट्रंक नव्हती, तेव्हाच आपण समजलो, तो म्हणाला. भावानं सही करून पुडी घेतली, डॉक्टरच्या केबिनमध्ये येऊन बसला, बराच वेळ बसला. घंटा झाली तेव्हा पुडी त्याच्या हातात दिली, "बहिणीला दे" म्हणाला आणि शिडी उतरून गेला. "मी वरतून हात हालवला," डॉक्टर म्हणाला, "पन त्यानं मागं पायलंच नाई."

मी हे मायला सांगितलं नाही. त्यावेळी वाटलं, आज नको, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला, आणि तोवर मायची गोष्ट तयार झाली होती. वस्तीत कोणीही विचारलं की ती सांगायची: तिकडे कर त्यालाच सुटतो जो घरी परत जाणार असतो. माझ्या बाबूनं तिथल्या सरकारला लिहून दिलंय. ते सरकार काही आपल्यासारखं नाही. लिहिलेलं विसरत नाही. आज ना उद्या विचारतील त्याला, काय बाबा, घड्याळ गेलं, तू काहून नाही गेला? मग काय सांगेल तो? येईलच. एवढं ठासून सांगायची की ऐकणाऱ्यांनाही पटायचं. रजिस्ट्रार कचेरीतला एक शिपाई तर म्हणाला, "बरोबर आहे, सरकारी कागद आहे तो, मजाक नाही."

मायचं एक मत होतं, तिचं एक काळीजही होतं, आणि दोघांचं पटत नव्हतं. दिवसा ती अशी बोलायची आणि संध्याकाळी चुलीपुढे बसली की मला म्हणायची, "माह्यंच चुकलं वो. मीच त्याच्या डोक्शावर वझं देल्लं."

"कसलं ओझं?"

"पेन, पाती, लोकर, थर्मास. येवढं आनाचं म्हनजे पैसे पायजे. पोट्टं घाबरलं. सगळ्यांले काय तोंड दाखवू म्हनून थांबलं. नोकरी कायच्यासाठी धरली मंग त्यानं?"

मी चिडले. असं काही नसतं, म्हटलं. तो इंजिनिअर आहे, पात्याच्या पाकिटाला घाबरेल का? पण बोलता बोलता माझा आवाज खाली आला, कारण रेघ मारलेली मागणी एकाचीच होती, माझी. बाकीच्यांना तर त्यानं काहीच पाठवलं नव्हतं. मला तेवढं पाठवलं आणि मोकळा झाला, असं माझ्या मनात आलं होतं. म्हणजे मी मागितलं नसतं तर? तर त्याला स्वतः येऊन आपल्या हातानं काहीतरी द्यावंच लागलं असतं. हे काही शहाणपणाचं नाही, मला कळतं. पण रात्रपाळीला एखाद्याची नाडी मोजताना सेकंदकाटा फिरायला लागला की हेच डोक्यात यायचं, आणि मोजदाद चुकून पुन्हा सुरुवात करावी लागायची.

मग एका रविवारी मायनं लुगडं बदललं आणि म्हणाली, "चाल." कुठं ते सांगितलं नाही. आम्ही वस्तीत घरोघर गेलो. ज्यांनी ज्यांनी काही मागितलं होतं, त्यांच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "माया बाबूले तुमी जे आनाले सांगतलं होतं ना, ते मी वापस घेते. तुमाले नाई पायजे असं म्हना."

समोरचे काका म्हणाले, "माय, मी तं गंमत केल्ती." कोपऱ्यावरची काकू फणकारली. "मले लोकर नाई पायजे, जाय. माह्या नातवानं अकोल्याची लोकर घातली तं काय मरते थो?" आणि लगेच तिच्या डोळ्यात पाणी आलं आणि तिनं मायला हाताला धरून आत नेलं. गुरुजींच्या दारात मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी भावाला पहिलं अक्षर शिकवलं होतं. ते बाजेवर उठून बसले, टोपी घातली आणि म्हणाले, "मी पेन मागितलं ते त्याला आपली आठवण राहावी म्हणून हो. नको मला." त्यांनी असं म्हटल्यावर माय दारातच खाली बसली.

त्या रात्री तिनं सांगितलेलं पत्र मी लिहिलं. कोणाला काही नको. घरोघर विचारून आले. तू हात हलवत ये, तुला कोणी काही म्हणणार नाही.

त्याची उत्तरं यायची. तब्येत, हवा, नोकरी, पुढच्या वर्षी बघू. एका वर्षी त्यानं तिकडच्याच एका मुलीशी लग्न केल्याचं कळवलं आणि फोटो पाठवला. मायनं फोटो लांब धरून पाहिला. "बरी हाये," म्हणाली. "इले घेऊन येईन म्हनजे." तोवर मी पक्की नोकरी लागून अमरावतीला क्वार्टरमध्ये राहत होते आणि मायला माझ्याकडे आणलं होतं. जिन सुटलं, वस्ती सुटली, पण ती कराची गोष्ट सोबत आली. दवाखान्यातल्या आयांना ती सांगायची, शेजारच्या कंपाउंडरच्या बायकोला सांगायची. आम्ही एकदा एस.टी.नं दर्यापूरला एका लग्नाला निघालो होतो, तर मला म्हणते, घड्याळ पदराखाली घे. का? तर म्हणे, तो अजून आला नाही, म्हणजे कर बाकी आहे. कोणी पोलीस-बिलीस विचारेल. मी त्या भरल्या गाडीत तिच्यावर ओरडले. सगळे आमच्याकडे बघायला लागले. तिनं मान खाली घातली, आणि मी घड्याळ पदराखाली घेतलं.

तिची समजूत काढणं माझ्या हातात होतं. कर घड्याळाचा होता, माणसाचा कोणी हिशोब ठेवत नाही, एवढं एक वाक्य. पण ते वाक्य बोलले असते तर तिच्याकडे उरलं असतं काय? म्हणून मी गप्प बसायचे आणि गप्प बसल्याबद्दल स्वतःवर चिडायचे, आणि तो राग कधी आयांवर, कधी पेशंटवर निघायचा. फार गुणी नर्स होते असं माझ्याबद्दल कोणी म्हटलं तर त्यातलं अर्धंच खरं धरावं.

आणि मग तो आला. एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. बडनेऱ्याच्या स्टेशनवर आम्ही त्याला उतरवून घ्यायला गेलो. जाड झाला होता, केस विरळ झाले होते, रंग उजळला होता. मायनं त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली. मग ती त्याच्यामागे बघायला लागली. हमालानं एक ट्रंक उतरवली, दुसरी उतरवली, वर दोन बॅगा.

घरी आल्यावर त्यानं ट्रंका उघडल्या. सोनेरी निबाचं पेन. पाती, चांगली डझनभर पाकिटं. लाल लोकर, थर्मास, ब्लॅडर. एकूण एक वस्तू त्यानं आणली होती, त्या वेळच्या पत्रांतली. इतकी वर्षं त्यानं सगळं ध्यानात ठेवलं होतं. मला त्याचं कौतुक वाटलं नाही. गुरुजी वारून दोन वर्षं झाली होती. काकूचं ज्या नातवासाठी लोकर मागणं होतं त्याला मिसरूड फुटलं होतं.

"माय, बघ, कोणाचं राहिलं नाही," तो म्हणाला. त्याची मराठी आता पुस्तकासारखी झाली होती.

माय वस्तूंकडे बघत होती. "मी हात हालवत ये म्हनलं होतं," ती म्हणाली. "येवढं तं पावना आनते."

तो हसला. मी नाही हसले.

दोन-तीन दिवसांनी, जेवताना, माझ्या छातीवरच्या घड्याळाकडे त्याचं लक्ष गेलं. अजून चालतं का, म्हणाला. आणि मग एक गंमत म्हणून सांगायला लागला. जहाजावरून उतरल्यावर त्याला झोप लागेना. आपण खोटं लिहून दिलं, सरकारचा कर बुडवला, असं सारखं वाटायला लागलं. म्हणून तो आठवड्याभरानं त्या दुकानात गेला आणि म्हणाला, मी गेलो नाही, माझा कर घ्या. काउंटरवरच्या बाईनं कागद काढून पाहिले आणि म्हणाली, घड्याळ गेलं ना देशाबाहेर? मग झालं. कर घड्याळावर होता, तुमच्यावर नव्हता.

"म्हंजे त्याईनं तुले इचारलं नाई?" मायनं घास खाली ठेवला. "तू काहून नाई गेला म्हनून?"

"नाही, माय."

"कोनीच नाई इचारलं?"

"कोणी कशाला विचारेल?"

तो सांगून बसला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आम्ही दोघीही जेवत नाही आहोत. त्याला कारण कळलं नाही. मायची गोष्ट त्याला कोणी सांगितलीच नव्हती. पण काहीतरी आपल्या हातून झालं, एवढं त्याला कळलं. त्यानं ताटातलं सगळं संपवलं, मायनं वाढलं तेही संपवलं, लहानपणी मार खाल्ल्यावर जेवायचा तसं. मायनं त्या दिवसापासून कराची गोष्ट पुन्हा कोणाला सांगितली नाही. कंपाउंडरच्या बायकोनं विचारलं, "आला ना लेक? तुमी म्हनतच होत्या," तर ती म्हणाली, "हो वो, आला," आणि तांदूळ निवडत राहिली.

त्याच्या जायच्या आधीच्या आठवड्यात आम्ही तिघं बाजारात गेलो. त्याच्या बायकोला पितळेचं एखादं मोठं भांडं हवं होतं. तिकडे म्हणे असली भांडी दाराशी ठेवतात, काठ्या-छत्र्या ठेवायला. भांड्यांच्या दुकानात मायला बसायला स्टूल दिलं. भावानं एक घंगाळ पसंत केलं. दुकानदारानं ते काट्यावर चढवलं, वजन केलं, भाव लावला, आणि वर सेल्सटॅक्स लागेल म्हणाला.

भावानं पाकीट काढलं. मग काहीतरी आठवल्यासारखा थांबला आणि अगदी सहज विचारलं, "परदेशी नेणाऱ्याला इथे टॅक्स माफ होतो का हो?"

"कायचा माफ?" दुकानदार म्हणाला.

"म्हणजे मी इथला राहणारा नाही. थोड्या दिवसांसाठी आलोय, पुढच्या आठवड्यात परत जातोय. आमच्याकडे अशा लोकांना कर लावत नाहीत."

दुकानदार हसला. असं काही आपल्याकडे नसतं साहेब, म्हणाला. भाऊही हसला आणि नोटा काढायला लागला. त्याच्या मनात खरंच काही नव्हतं. मी मायकडे बघितलं नाही. मला तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

स्टूल सरकल्याचा आवाज आला. माय उठून काउंटरपाशी आली. इतकी वर्षं तो नियम तिनं घोकला होता. कोणाला सुटतो आणि कोणाला नाही, हे तिला त्या दुकानातल्या कोणाहीपेक्षा नीट माहीत होतं. तिनं भावाच्या दंडाला धरलं.

"शेठ," ती म्हणाली, "याले माफ नोका करू. पुरा टॅक्स लावा. थो इथचाच हाये."

दुकानदार म्हणाला, "लावलाच आहे, मावशी."

हे तिनं दरडावून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. भावालाही गेलं असतं. पण त्याचा दंड सोडून तिनं त्या अनोळखी माणसापुढे दोन्ही हात जोडले होते, आणि तो लावलाय म्हणाला तरी ती ते खाली घेत नव्हती.